चौथ्या तज्ज्ञ बाईंची माहिती

४ सप्टेंबर

पोचलो एकदाच्या. तराझ शहराचा वारा प्रसिद्ध आहे. बसमधून उतरताच त्याने माझी टोपी उडवून आमचं स्वागत केलं. माझी लेक नाझेर्के ती आणायला धावली आणि धावता धावता हसली. आवाज न करता, पण हसली. मी हा शुभशकुन धरला आहे.

नोकरी मानसोपचार केंद्रात आहे. (ओळखीच्यांनी लगेच भुवया उंचावल्या. मी तिथे लिहायला जाते आहे, भरती व्हायला नव्हे, हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागलं.) ज्या वर्तमानपत्राची मी उमेदीची सगळी वर्षं वार्ताहर होते ते वसंतात बंद पडलं. वाचक उरले नव्हते, आणि उरले होते ते फक्त निधनवार्ता वाचत. आता मी इथल्या तज्ज्ञांची माहितीपुस्तिका लिहायची. कोण कुठले, शिकले कुठे, उपचाराची पद्धत काय. प्रत्येकाला एक पान. स्तुतिपाठकाचं काम आहे, पण स्तुतिपाठकालाही पोट असतं.

मोबदल्यात पगार, माडीवर दोन खोल्या आणि नाझेर्केवर उपचार. हे तिसरं नसतं तर मी आलेच नसते. गेल्या हिवाळ्यात कोर्दाईच्या घाटात तिच्या बाबांची पावाची गाडी बर्फात अडकली. सकाळी माणसं पोचली तेव्हा बाबा गेले होते आणि ती त्यांच्या कोटात गुंडाळलेली, जिवंत होती. त्यानंतर माझी अकरा वर्षांची लेक एक शब्द बोललेली नाही. तिचा आवाज परत आला तर या लोकांवर मी महाकाव्य लिहायला तयार आहे, पुस्तिका कसली.

इमारत जुन्या बालवाडीची आहे. हात धुवायची भांडी गुडघ्याला लागतात. ओव्हरकोट टांगायला मुलांची कपाटं तशीच ठेवली आहेत, प्रत्येकावर चित्र: बदक, सफरचंद, किटली, चांदणी. खोल्यांवरही तीच. दुःखाने खचलेला एखादा धिप्पाड लोहार बदकाच्या कपाटात टोपी ठेवतो, हे दृश्य मला फार आवडलं.

कचेरीत मेरुएर्त नावाची तरुणी बसते. तिने किल्ली माझ्या दिशेने टाकली. हातात दिली असती तर बहुधा झीज झाली असती. मुलीला कशाला आणलंत, असं विचारलं. उपचारांना, म्हटलं. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चिखलाचे बूट घालून तिच्या अंथरुणावर उभी आहे.

६ सप्टेंबर

आज सगळे चहाला जमले. चहात दूध नव्हतं. कझाख माणसाने पाहुण्याला बिनदुधाचा चहा द्यावा म्हणजे नवीनच संप्रदाय निघाला म्हणायचा.

मुख्य तज्ज्ञ दामेली. वय सांगता येत नाही. चेहरा नुकत्याच विसळलेल्या बशीसारखा. मुलांकडे पाहणारे झान्दोस, लांब बोटांचे, सौम्य. तिसरे रात्रपाळीचे, चहा घेऊन लगेच गेले. तिघांच्याही दारांवर नुसती नावं. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. शहरी फॅशन असावी.

झान्दोसनी विचारलं, तुम्ही कुठल्या? हा प्रश्न आमच्या माणसाला विचारणं म्हणजे घड्याळाला किल्ली देणं. शेळ्यांच्या धारा काढता काढता वडिलांनी पाठ करून घेतलेले सात पूर्वज माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडले: मी झाउरे, सेइतकाझींची. त्यांचे वडील झोलान, त्यांचे तुयाक, त्यांचे माम्बेत, मग एसिर्केप, मग कोझाम्बेर्दी, मग आल्दाबेर्गेन. तुयाक घोडेचोर होते, घरात आम्ही त्यांना अश्वपारखी म्हणतो, हेही सांगितलं.

दामेलींनी कप खाली ठेवला. “पुन्हा सांगा,” म्हणाल्या. “सावकाश.”

मी सुखावले. इतका तन्मय श्रोता मला एकाही संपादकात भेटला नव्हता. पुन्हा सांगितले, एकेकाची खोड आणि कीर्ती यांसह. झान्दोसचा जबडा हलत होता. तोंडात पाव नव्हता.

मग त्यांनी मुलीचे सात विचारले. इथे माझी गाडी थांबली. मुलीचे सात म्हणजे तिच्या बाबांकडचे, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सून घेत नाही. मी चार बुकं शिकले, मंत्र्यांना भर सभेत अडवलं, पण हे एक मोडलं नाही. सासऱ्यांच्या नावात लाकूड फोडायचं हत्यार आहे, म्हणून लग्नापासून मी त्या हत्याराचंही नाव घेत नाही, ‘दांडेवालं’ म्हणते. एकदा दुकानात दांडेवालं मागितलं तर त्याने झाडू दिला, तो मुकाट्याने घेऊन आले. हे ऐकून कोणीही हसलं नाही. दामेली एवढंच म्हणाल्या की मग मुलगी बोलेपर्यंत वाट पाहू.

मी उलट विचारलं, तुमचे सात? त्या म्हणाल्या की इथे माणसाला बापजाद्यांवरून ओळखत नाहीत. पुस्तिकेसाठी छान वाक्य आहे. टिपून घेतलं.

१५ सप्टेंबर

पद्धती समजावून घेते आहे. दामेलींची पद्धत ऐकण्याची. त्या काही लिहीत नाहीत, मध्ये बोलत नाहीत. माणसाने सगळं मुळापासून सांगायचं, गाव, घर, गुरंढोरं, आजोबांचा खोकला, आणि सांगायला काही उरत नाही तोवर पुन्हा पुन्हा सांगायचं. जे सांगितलं ते उतरलं, असं त्यांचं सूत्र. सूत्र अल्पाक्षर आहे आणि कुठल्याही संपादकाला पसंत पडेल असं. पण त्यांचं शिक्षण कुठे झालं ते विचारलं की त्या म्हणतात, ती जागा मोकळी ठेवा.

झान्दोस वाळूचा उपयोग करतात. जुन्या बालवाडीचीच वाळू, मोठ्या पेटीत. मूल तिच्यात घर करतं, माणसं करतं, ते नुसते बघत बसतात. नाझेर्के सफरचंदाच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर रंग होता. रात्री शांत झोपली. मी रडले, हे लिहायला हरकत नाही.

बाकावर ओतेगेन-अता भेटतात, सगळ्यांचेच अता, म्हणजे आजोबा, मेर्के गावचे म्हातारे घोडेवाले. भीतीने छाती धरते म्हणून मुलगा आणतो. मला बघताच त्यांनी आपले सात सांगितले, मी माझे, आणि आमच्यात कुठे सोयरीक निघते का ते शोधत बसलो. निघाली नाही. दोघेही खट्टू. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या शिंगरूची गोष्ट सांगितली. लहानपणी वितळत्या बर्फाच्या लोंढ्यात ते वाहून गेलं, लगाम हातात राहिला, आणि आजोबांनी ओरडण्याऐवजी त्यांच्या डोक्यावर आपली टोपी घातली. सांगताना म्हातारा थरथरत होता. मेरुएर्त खेकसली की इथे गप्पा मारू नका. मी तिला सहज विचारलं, तू कुठल्या गावची गं? ती पांढरीफटक पडली. नंतर दिवसभर तिने माझे निरोप दिले नाहीत.

२ ऑक्टोबर

झान्दोसनी आज पान लिहून घ्या म्हणून बोलावलं. पार्श्वभूमी सांगायची इच्छा झाली म्हणे. मी खुश.

ते म्हणाले, मी मेर्केचा. घराण्याचा धंदा घोड्यांचा. लहानपणी एक पांढरं शिंगरू होतं, वितळत्या बर्फाच्या लोंढ्यात गेलं, लगाम हातात राहिला. आजोबा ओरडले नाहीत. टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली.

सांगताना त्यांचे हात थरथरले. अगदी तसेच.

मी हसून म्हटलं की ही गोष्ट मी ओतेगेन-अतांकडून ऐकली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या सौम्य माणसाच्या डोळ्यांत इतका द्वेष मी कधी पाहिला नव्हता.

“कोण ओतेगेन?” ते म्हणाले. “लिहा.”

मी लिहिलं.

दुपारी अता बाहेर आले. चेहरा गुळगुळीत, भीतीचा मागमूस नाही. मुलगा आनंदात होता. अता कपाटापुढे उभे राहिले. बदक त्यांचं, हे मलाही माहीत होतं. त्यांनी सगळी दारं उघडून पाहिली आणि शेवटी मुलाला विनयाने विचारलं, “बाळा, तू कोणाकडचा? माझा कोट कोणता ते सांगशील?”

मुलगा हसला. थट्टा वाटली त्याला.

९ ऑक्टोबर

दामेलींकडे गेले. लोकांच्या आठवणी तज्ज्ञांच्या नावावर छापणं मला जमणार नाही, असं शक्य तितक्या सुसंस्कृत भाषेत सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मी बोलत गेले, आणि एका क्षणी लक्षात आलं की मी वडिलांच्या मळ्याबद्दल सांगते आहे. तिथल्या जर्दाळूंबद्दल. तो विषय कसा निघाला?

मग त्या म्हणाल्या की ज्याला ओझं नको आहे तो ते खाली ठेवतो. खाली ठेवलेलं कोणी उचललं तर त्यात चोरी कुठे आली? तुम्हाला नोकरी नको असेल तर खुशाल जा. मुलीचे उपचार मात्र अर्धवट राहतील.

चौथं पान मोकळं ठेवा, हेही सांगितलं. किटलीच्या खोलीत नव्या बाई रुजू होणार आहेत.

त्यांना मी पाहिलं. दार उघडं होतं. खुर्चीत बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. चणीने अगदी लहान. नाव विचारलं. उत्तर दामेलींनी दिलं: अजून ठरायचं आहे.

जायला हवं, हे कळतं मला. पण संध्याकाळी नाझेर्के भांडी विसळताना गुणगुणली. तोंड मिटूनच. तिच्या बाबांची गाडी चालवतानाची धून. मी चुलीपाशी तशीच उभी राहिले, हललेसुद्धा नाही, ती थांबेल म्हणून.

आठवडाभर थांबू. एवढ्यात आवाज येईल.

२१ ऑक्टोबर

जिल्ह्याचे आरोग्याधिकारी आले होते. त्यांनी रीतीप्रमाणे दामेलींना विचारलं, आपण कुठल्या?

“सेइतकाझींची मुलगी,” दामेली म्हणाल्या. “त्यांचे वडील झोलान, त्यांचे तुयाक. घोडेचोर होते, घरात आम्ही अश्वपारखी म्हणतो.”

अधिकारी खळखळून हसले. माझ्या वेळी कोणी हसलं नव्हतं.

मी जिन्यात जाऊन माझे सात म्हणायला लागले. झाउरे. सेइतकाझी. झोलान. पुढे...

ही वही चाळली. ४ सप्टेंबरच्या पुढे, चहाच्या दिवशी, माझ्याच अक्षरात सगळी नावं आहेत. वाचली. स्पष्ट वाचता येतात. निधनवार्तांच्या स्तंभातली असावीत तशी. ही माणसं माझी कोण लागतात?

जर्दाळू आठवतात का? मी लिहिलं आहे की आठवतात.

२८ ऑक्टोबर

माझा धाकटा भाऊ साबित आला. मी निरोप धाडला होता, आम्हाला घेऊन जा म्हणून. खिडकीतून त्याला फाटकातून येताना पाहिलं. हातात सफरचंदांची पिशवी, आणि कुर्तची पुरचुंडी, वाळवलेल्या दह्याची ती खारट गोटी मला आवडते म्हणून. धावत खाली गेले.

तो माझ्या बाजूने पुढे गेला. बाई, जरा वाट द्या, म्हणाला. आणि दामेलींच्या गळ्यात पडला.

“अपके,” तो म्हणाला, “किती वाळलीस गं. जेवत नाहीस का इथे?”

मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मला म्हणायचा तसं. दामेलींनी त्याच्या कपाळाचा मुका घेतला, मी घेते तिथेच, डाव्या भुवईच्या व्रणावर. मी त्याला हाका मारल्या. आईचं नाव सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं. त्याने दामेलींना हळूच विचारलं की ही पेशंट का. मग माझ्याकडे दयेने पाहिलं आणि एक सफरचंद दिलं.

तो गेल्यावर दामेली कुर्त चघळत उभ्या होत्या. भयंकर खारट आहे, म्हणाल्या. मला लहानपणापासून आवडतं.

१ नोव्हेंबर

बर्फ. दामेलींनी सरळ विचारलं, मुलीचे सात सांगा. नव्या बाई खोळंबल्या आहेत. मी म्हटलं, सून नाव घेत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या बाई, ह्या रानटी चाली. मी म्हटलं, हो. रानटीच आहे मी.

सासूबाईंनी पहिल्या वर्षी जीभ चावायला लावली होती. तेव्हा मनात फार शिव्या दिल्या. त्यांचे पाय धरायला हवेत. माझ्याकडून यांना काही मिळणार नाही. मला उच्चारता येत नाही ते माझ्यातून कोणी काढू शकत नाही.

नाझेर्केला बजावलं. नावं सांगायची नाहीत. कोणालाच नाही. तिने मान हलवली. बोलतच नाही ती. तिचं गप्प राहणं, ज्याच्यापायी मी इथे

उद्या सकाळच्या बसने काराताऊ. सासूबाईंकडे. तिथे मला अजून ओळखतील.

मेरुएर्त माडीवर आली. आपण होऊन, पहिल्यांदा. दारातच उभी राहिली. पुस्तिका आधी ती लिहीत होती, म्हणाली. इथे आल्यावर. कुठून आल्यावर, ते तिला माहीत नाही.

“आत्ता निघा. मी पहिल्या दिवसापासून तुम्हाला हाकलतेय. माणसाने किती वाईट वागायचं?”

आत्ता रस्ता बंद आहे. बर्फ.

२ नोव्हेंबर

गाठोडी बांधली. बस येणार म्हणतात. तिकिटांसाठी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, तेवढंच. नाझेर्के वर नाही. बूट आहेत. कोट आहे.

खाली. सफरचंदाची खोली रिकामी. वाळूत गाडी आहे, वाळूचीच. आत दोन माणसं, एक मोठं, एक त्याच्या कोटात.

किटलीचं दार बंद. आतून कडी. मी

आवाज येतो आहे.

माझ्या लेकीचा. घोगरा झाला आहे, मोठा झाला आहे. पण तिचाच. देवा. बोलते आहे. किती सुंदर

बाबांचं नाव घेतलं तिने. मुली घेतात. तिला कोणी अडवणार नाही. शाळेत बक्षीस मिळालं होतं, सात जण धडाधड म्हटले म्हणून. आता आजोबांचं

दार ढकलते आहे. मेरुएर्तही खांदा लावते आहे. हलत नाही. झान्दोसचा आवाज: सावकाश. पुन्हा सांग.

लिहून ठेवते. ऐकू येतं तसं लिहून ठेवते, म्हणजे उरेल, तिला परत शिकवता येईल. रीत गेली खड्ड्यात. सासूबाई, माफ करा. तिचे आजोबा, त्यांचं नाव —

हात वळत नाही. इतकी वर्षं. एक क्षण. लिहितेच. नाव —

आत्ता होतं. जिभेवर होतं.

खिडकीतून अंगण दिसतं. ओंडक्यात कुऱ्हाड रुतली आहे. कुऱ्हाड. कुऱ्हाड. सहज लिहिता येतं. का नाही लिहीत होते मी

आत आता दोन आवाज. एकदम म्हणताहेत. एक लहान मुलीचा. दुसराही लहान मुलीचा.

एकच.

दार उघडलं. नव्या बाई बाहेर आल्या. गालावर रंग. एक धून गुणगुणत होत्या, मला वाटतं कुठेतरी ऐकली आहे. मला म्हणाल्या, माझं पान लिहून घ्या.

त्यांच्यामागे एक मुलगी. अकरा-बारा वर्षांची. पायात बूट नाहीत. परक्या बाईंना म्हणतात तसं मला म्हणाली, नमस्कार अपाई, बाहेर बर्फ पडतोय का? स्पष्ट, गोड बोलते. मेरुएर्त रडते आहे, का कोण जाणे. तिने मला सांगितलं की ही मुलगी वर्षभर मुकी होती.

मुकी! आणि आता बघा कशी बोलते. हिची आई कुठे आहे? तिला कोणीतरी कळवायला हवं. बिचारी वाट बघत असेल, ऐकून किती आनंद होईल त्या